सतरा नंबरची मोजणी

“ताई, हे कोण मोजायलंय?”

इंगोले मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर फोटो आपोआप उघडत होते, काळेपांढरे होत होते, त्यांच्यावर बारीक लाल आकडे उमटत होते आणि फोटो मिटून पुढचा उघडत होता. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मामांना दिसावेत म्हणून मुद्दामच तसे ठेवले होते.

“मॅक्रो मोजतोय,” मी म्हटलं. “काय करायचं ते मी त्याला एकदा लिहून दिलं. आता तो सगळ्या फोटोंना तेच करतोय.”

“सगळ्या म्हणजे?”

“नऊशे साठ.”

मामा पडद्याच्या अगदी जवळ वाकले आणि मग चहा सांगायला निघून गेले. तेच नऊशे साठ नमुने मोजायला त्यांना चार महिने लागले होते. चहा यायच्या आत मॅक्रोचं काम झालं.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मराठवाड्यातल्या एका लहानशा ज्वारी संशोधन केंद्रात मी पीएच.डी. करत होते. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे समजेलच. आमचं काम पानांवरच्या रंध्रांचं. पानाला श्वास घ्यायला बारीक छिद्रं असतात, त्यांतूनच पाणीही उडून जातं. छिद्रं कमी, तर पाणी कमी उडणार आणि पीक एखादा पाऊस चुकला तरी तग धरणार. ती मोजायची रीत अशी की पानावर बिनरंगाची नेलपॉलिश लावायची, वाळली की पारदर्शक चिकटपट्टीने तिचा पापुद्रा सोलून काचेवर बसवायचा. पानाचा हुबेहूब ठसा मिळतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मोजत बसायचं. आमच्याकडे एकतीस वर्षं ते मोजायला इंगोले मामाच बसत होते. नाव सोपान इंगोले, हुद्दा प्रयोगशाळा सहायक. केंद्रातून जेवढे प्रबंध बाहेर पडले, त्या सगळ्यांतले आकडे त्यांच्या रजिस्टरमधून गेलेले.

माझे मार्गदर्शक लोहगावकर सर. त्यांनी नऊ वर्षं खपून एक नवा वाण काढला होता. त्याला अजून नाव नव्हतं, सगळे सतरा नंबर म्हणायचे. सतराच्या पानावर गावरान ज्वारीपेक्षा रंध्रं कमी आहेत, हे आकड्यांनी दाखवायचं काम माझं होतं. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच. ते उभं राहिलं तर मी डॉक्टर होणार, नाही तर सेलूला घरी परत जाऊन घरचे दाखवतील त्या मुलाला हो म्हणणार. हे घरात मोठ्या आवाजात ठरलेलं होतं.

मॅक्रो लिहायला मला कोणी शिकवलं नाही. इंटरनेटवरून फुकट मिळणारं चित्रांचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात आपण जे जे करू ते ओळीओळीने टिपून ठेवणारं एक बटण होतं. एक फोटो हाताने साफ केला, त्याच्या ओळी घेतल्या आणि त्या नऊशे साठ वेळा फिरवायच्या, एवढीच कल्पना. ती चालायला दोन महिने लागले. फोटो उघडायचे पण बंद व्हायचे नाहीत, धुळीचा कण रंध्र म्हणून मोजला जायचा, एकदा तर एका फोटोत चार हजार रंध्रं निघाली. मी हट्टी आहे. आई म्हणते, दाराशी भांडून दार उघडायला लावणारी. अमुक आकाराहून लहान डाग म्हणजे धूळ आणि अमुक आकाराहून मोठा डाग म्हणजे कचरा, असे नियम घालत घालत शेवटी मी तो चालवून दाखवला.

निकाल आला तो असा : एका फोटोत गावरानची सरासरी त्रेचाळीस रंध्रं, सतरा नंबरची छत्तीस. मामांच्या रजिस्टरात मात्र दोन्हींना त्रेचाळीस. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हा फरक कसला म्हणून विचारलं. तेव्हा मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “मामांच्या डोळ्यांचं वय झालंय सर,” मी म्हटलं. “मॅक्रोचं होत नाही.”

सर हसले. आठवड्याभराने मामांची बदली बियाण्याच्या गोदामात झाली. एकतीस वर्षं मोजत आलेला माणूस स्टुलावरून उठवून पोत्यांत नेऊन बसवला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. थोडी दया आली, तीही पुरे एक दिवस टिकली नाही.

जानेवारीत मी प्रबंधासाठी आलेख काढत होते. फोटो एरवी नमुन्याच्या क्रमांकाने लावायची, त्या दिवशी चुकून ते काढले त्या वेळेप्रमाणे लागले. आलेखात मला पायऱ्या दिसल्या. रोज सकाळी आकडा वर आणि मग एकदम खाली. खाली यायची वेळ बघितली. अकरा.

आमच्या गावात अकराला लाइट जायची. भारनियमनाचं वेळापत्रक कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं होतं. अकरानंतर सूक्ष्मदर्शक इन्व्हर्टरवर चालायचा आणि त्याचा दिवा पिवळट, मिणमिणता व्हायचा. डोळ्यांना ते सरावाचं झालं होतं. कॅमेरा मात्र मी उजेडाच्या एकाच मापावर पक्का बांधून ठेवला होता, सगळे फोटो सारखे यावेत म्हणून. मी अकरानंतरचा एक फोटो घेतला आणि मॅक्रो एकेक ओळ चालवत बघितला. फोटो काळेपांढरे झाले की अंधाऱ्या फोटोत शेजारशेजारची दोन-तीन रंध्रं चिकटून एकच मोठा डाग होत होता. आणि मोठा डाग म्हणजे कचरा, असं मीच त्याला शिकवलं होतं. तो इमानेइतबारे तो डाग फेकून देत होता.

तरी दोन्ही वाणांना हे सारखंच लागू व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण केंद्राचा एक रिवाज होता. पेरणी असो, कापणी असो, मोजणी असो, आधी गावरान. पंगतीत वडीलधाऱ्यांना आधी वाढतात तसं. पहिल्याच दिवशी मामांनी मला हे सांगितलं होतं आणि मी कधी मोडलं नव्हतं. रोज सकाळी आधी गावरानचे नमुने, ते संपता संपता अकरा वाजायचे, मग सतराचे. गावरान रोज विजेवर, सतरा रोज इन्व्हर्टरवर. पालकमंत्री येणार म्हणून तीन दिवस लाइट गेली नव्हती. त्या तीन दिवसांचे फोटो काढून बघितले. सतरा नंबर, त्रेचाळीस.

मी खोटं बोलणार नाही, पहिला विचार हाच आला की हे कोणाला कळणार आहे? दुसरा विचार यायच्या आत मी उठले आणि सरांच्या खोलीत गेले. थांबले असते तर गेले नसते, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, सतराला मान्यता मिळावी म्हणून प्रस्ताव पुढच्या महिन्यात जायचा आहे. फोटो तुझे, मॅक्रो तुझा, आकडे तुझे, मग शंका तरी कोण घेणार आहे?

“मी घेतेय ना सर,” मी म्हटलं. “मला मोजणी परत करायचीय. नवी पानं, नवे ठसे.”

“शेतातलं पीक महिन्याभरात वाळेल.”

“म्हणून तर आज आले.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून सतराचा प्लॉट दिसायचा. “कर,” ते म्हणाले. “पण फरक निघाला नाही तर त्या प्रकरणात छापशील काय, तेही ठरवून ठेव.”

तिथून मी तडक गोदामात गेले. मामा पोत्यांना चिठ्ठ्या बांधत होते. मी त्यांची माफी मागितली. चूक माझी होती, तुमचा आकडा खरा होता, सरांनाही सांगितलंय, असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. मामा घाईघाईने म्हणाले, “असू द्या ताई, असू द्या. कशाला उकरायलात?” मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

मॅक्रो सुधारायला चार दिवस गेले. आता तो आधी फोटोतला उजेड किती आहे ते बघायचा आणि त्याप्रमाणे काळं कुठे, पांढरं कुठे ते ठरवायचा. या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवायच्या आधी मला त्याची परीक्षा घ्यायची होती. जुन्या नमुन्यांपैकी चाळीस अजून धड होते. त्यांचे सकाळच्या उजेडात नवे फोटो काढले, मॅक्रो चालवला आणि आकडे मामांच्या रजिस्टरशेजारी एकेक करून मांडले.

सरासरी जुळली. पण एकेक नमुना जुळेना. मॅक्रोला कुठे अठ्ठावीस रंध्रं मिळाली होती, कुठे साठ. रजिस्टरात तेच नमुने बेचाळीस आणि त्रेचाळीस. मॅक्रोच बिघडला असेल म्हणून मी दहा फोटो कागदावर छापले आणि पेनाने ठिपका देत देत स्वतः मोजले. मॅक्रो बरोबर होता. मग रजिस्टरची पानं उलटत गेले. एक्केचाळीसच्या खाली एकही आकडा नाही, पंचेचाळीसच्या वर एकही नाही. नऊशे साठ ओळी.

मला मामांचा भयंकर राग आला. ज्यांच्यासमोर आठवड्यापूर्वी नाक घासून आले होते, त्यांनी मोजलंच नव्हतं. रजिस्टर काखेत मारून मी गोदामात गेले तेव्हा काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण त्यांनी पोत्याची सुतळी डोळ्यांपाशी न नेता, नुसत्या बोटांनी चाचपून गाठ सोडवली आणि माझं पाठांतर गेलं.

“मामा,” मी म्हटलं, “किती दिवस झाले दिसत नाही त्याला?”

त्यांनी माझ्या काखेतल्या रजिस्टरकडे मान वळवली.

“दोन वर्षं,” ते म्हणाले. “माणूस दिसतो, पोतं दिसतं. बारीक काही दिसंना झालंय.”

“मग आकडे?”

“एकतीस वर्षं तेच केलंय ताई. ज्वारीचं पान म्हणलं की त्रेचाळीसच्या आगंमागं येतंय. कुणाचं नुकसान झालं नसंल असं वाटायचं.”

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर गोदामात धाडलं असतं.”

आम्ही गोदामातच बसलो होतो. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सरांना सांगणार का. तीस जूनला त्यांची निवृत्ती होती. आकडे बनावट ठरले तर चौकशी लागली असती, पेन्शन अडकलं असतं, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्या आकड्यांवर आणखी दोन मुलं डॉक्टर होऊन गेली होती, त्यांची नावं निघाली असती. मी म्हटलं, ते पुढचं पुढे, आधी काम. कारण मला एक गोष्ट पक्की माहीत होती. ठसे घेणं मला जमत नव्हतं. माझा पापुद्रा फाटायचा, त्यात हवेचे बुडबुडे राहायचे. मामांचा कधी फाटला नव्हता. नेलपॉलिश वाळली की नाही ते बोटाची मागची बाजू टेकवून ओळखायचे. त्याला डोळे लागत नव्हते.

मी सरांकडून त्यांना महिन्यासाठी मागून घेतलं. सरांनी कारण विचारलं नाही.

सव्वीस दिवस रोज सकाळी आम्ही दोघांनी मिळून काम केलं. सात वाजता शेतातून पानं, मामांचे ठसे, माझे फोटो, आणि अकराला पाच कमी असताना कॅमेरा बंद, मग नमुना अर्धा राहिला तरी. काचेवर वाणाचं नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता वाण ते एका पाकिटात बंद. पहिल्या दिवशी मामांचा हात सतराकडे आधी जाईचना. “आधी गावरान घेऊ द्या ना,” ते सारखे म्हणत होते. शेवटी मी एका डब्यात ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मामांनाच उचलायला लावल्या. चिठ्ठीवर सतरा आलं की ते तोंड वाईट करायचे, पण घ्यायचे. दर विसावा फोटो मी कागदावर छापून स्वतः मोजायची आणि मॅक्रोशी ताडून बघायची. मला ना माणसावर विसंबायचं होतं ना यंत्रावर, आणि स्वतःवर तर मुळीच नाही. पोलीस ठाण्यात असतो तसा कारभार झाला होता. मजा अशी की त्या महिन्यात मी जितकी आनंदात होते, तितकी पीएच.डी.च्या तीन वर्षांत कधी नव्हते.

पाकीट उघडलं तेव्हा गावरान बेचाळीस पूर्णांक आठ निघालं आणि सतरा नंबर त्रेचाळीस पूर्णांक एक.

सरांनी तो तक्ता उभ्या उभ्या वाचला. नऊ वर्षं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “बरं,” एवढंच म्हणाले, प्रस्तावाची फाइल कपाटात ठेवली आणि माझ्या प्रकरणाच्या मसुद्यावर सही केली. मी त्यात मॅक्रो कसा चुकला आणि तो कसा सुधारला, हे सगळं लिहिलं होतं. सतरा नंबरबद्दल फरक नाही, एवढीच ओळ. मामांबद्दलही एकच ओळ लिहिली : हाताने केलेली मोजणी वगळली आहे. कारण दिलं नाही.

तोंडी परीक्षा बारा जूनला झाली. बाहेरून परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या होत्या, बारीक चणीच्या आणि नजर मोठी तिखट. पाहुणे असले की पाणी-चहाला माणसं कमी पडायची, म्हणून गोदामातून मामांना बोलावलं होतं. सकाळी दाराशी ते भेटले तेव्हा मी त्यांना हळूच म्हटलं होतं, “कोणी विचारलं तर रजिस्टर गोदामात भिजलं म्हणून सांगणार आहे. तुम्ही काळजी करू नका.” त्यांनी नुसती मान हलवली होती.

मॅडमनी तासभर मला मॅक्रोवरून पिळून काढलं. उजेड कसा मोजलास, चिकटलेली रंध्रं कशी सुटी केलीस, चिठ्ठ्यांची कल्पना कोणाची? मला ते आवडत होतं. मी उत्तरांवर उत्तरं देत गेले. मामा ग्लास ठेवत होते. मग मॅडमनी पान उलटलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

“हे मला कळलं नाही. हाताची मोजणीही फरक नाही असंच सांगत होती. म्हणजे ती तुमच्याच बाजूची. आपल्या बाजूचा पुरावा कोणी वगळतं का?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं.

“ते आकडे खोटे हैत मॅडम,” मामा म्हणाले.

ट्रे टेबलावर ठेवून ते सरळ उभे राहिले होते. “मी इंगोले. मोजायला मीच होतो. मला दिसत न्हवतं आन्‌ मी अंदाजानं लिहिलं. दोन वर्षं.”

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. पुढे चौकशी झाली ती समज देऊन मिटली, पण त्या घटकेला ते आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं, मामांना तर नाहीच. निवृत्तीला अठरा दिवस राहिले होते.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्हीही हेच सांगणार होतात ना?”

“हो,” मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्या खोलीत त्यांना एकट्याला माहीत होतं. मी मान खाली घातली. त्यांनी रिकामे ग्लास एकेक करून ट्रेमध्ये गोळा केले, दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

“पोरीनं सगळं नव्यानं केलंय मॅडम,” ते म्हणाले. “तिचे आकडे खरे हैत.”